नेपाळला मंडळीतून सेवेला जातोय : काय न्यावं, काय नेऊ नये?

किल्लाभाग

सर्वांना सलाम.

मिरजेतल्या आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) काही वर्षांपासून एक नेपाळी कुटुंब उपासनेला येतं. दादा सांगलीत एका हॉटेलात आचारी आहेत, वहिनी दोन-तीन घरी स्वयंपाक करतात. त्यांचं गाव पाल्पा जिल्ह्यात, तानसेनच्या पुढं डोंगरात. गावातली मंडळी लहान, पत्र्याच्या छपराखाली भरते. उपासना शनिवारी, कारण नेपाळात सुट्टीचा वार शनिवार. तिथल्या पाळकांनी (पास्टरांनी) यंदा दादांबरोबर निरोप धाडला की तुमच्याकडची थोडी माणसं आमच्याकडे येऊन राहू देत.

निरोपातलं मागणं अगदी नेमकं आहे. त्यांच्याकडे आलं आणि हळद होते. हळद ओलीच विकली जाते, नाहीतर घरच्या भांड्यात कशीतरी उकडून वाळवतात, त्यामुळे भाव येत नाही. तुम्ही सांगलीकडची माणसं, हळद शिजवायला कुणी शिकवेल का, असं त्यांनी विचारलंय. गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना रक्तदाब आणि साखर याबद्दल कुणी जाणत्यानं बसून समजावून सांगावं, ही दुसरी विनंती. आणि एक शनिवार आमच्याबरोबर उपासनेला बसा. बस, एवढंच.

आता आमच्या कमिटीत काय चाललंय ते सांगते. तरुण संघाला नाटिका बसवायची आहे, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट हवेत, मुलांसाठी भेटवस्तूंच्या पिशव्या हव्यात. महिला संघानं जुने स्वेटर गोळा करायला सुरुवातही केली. एक वडीलधारे म्हणतात, जायचंच तर पक्कं छप्पर घालूनच येऊ. सगळे मनापासून बोलतायत, कुणाच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण जे मागितलंय त्यात यातलं काहीच नाही.

माझं मत पक्कं आहे. मागितलंय तेवढंच घेऊन जायचं, त्यांच्या हाताखाली काम करायचं, आणि त्या कामाला लागतील तेवढीच माणसं न्यायची. मिरजेच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मिशनरी डॉ. वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ ला मिरजेत त्यांनी दवाखाना सुरू केला आणि १९२८ पर्यंत ते इथं राबले. इथल्याच मुलांना डॉक्टरी आणि मुलींना नर्सिंग शिकवलं, म्हणून तो दवाखाना मिरजेचा झाला. आम्ही जाणार जेमतेम आठवडा-दहा दिवस. एवढ्यात आपल्या हातून काय होईल आणि काय होणार नाही, हे निघण्याआधीच एकमेकांना सांगून टाकलेलं बरं.

जाऊन आलेल्यांनी, कायदा आणि पैशाचं कळणाऱ्यांनी लिहा. ज्यांना हे जाणंच पटत नाही त्यांनीही लिहा.

गावभाग

ताई, तुमच्या बाजूनं माझं मत. २०१९ चा महापूर ज्यानं सांगलीच्या गावभागात काढला त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी मदतीच्या टेम्पोंची रांग लागली. एक गाठोडं मी स्वतः सोडलं. आत लहान मुलीचा जरीचा घागरा, एक सफारी सूट, चेन तुटलेल्या पर्सेस आणि एकाच पायाचे बूट. घरात गुडघाभर चिखल, भांडी-कुंडी गेलेली. ते कपडे नंतर ढिगानं रस्त्याकडेला पडले, पावसात भिजून कुजले, आणि ते उचलायचं कामही पुन्हा आमच्याच डोक्यावर.

त्याच दिवसांत कोकणातून काही पोरं आली होती. फावडी, खराटे, फिनेलचे कॅन आणि पाणी उपसायची मोटर घेऊन. दारात येऊन पहिलं विचारलं, "आज्जी, आधी कुठली खोली?" आई म्हणाली देवघर आणि स्वयंपाकघर. त्यांनी तेवढंच केलं, अगदी कोपऱ्यातला गाळ खरवडून काढला. फोटो नाही, बॅनर नाही. दुपारी आमच्याबरोबर पुरी-भाजीच्या पाकिटावर जेवली आणि पुढच्या घरी गेली. त्या पोरांची नावंही आम्हाला माहीत नाहीत, पण आई अजून त्यांच्यासाठी हात जोडते.

स्वेटरचं म्हणाल तर पाळकांना एक फोन करा. डोंगरात राहणाऱ्या माणसाकडे स्वेटर नसेल हे आपणच ठरवलंय.

रोखठोक

स्पष्ट विचारतो, राग मानू नये. हळद आणि रक्तदाब ठीक आहे, पण शेवटी धर्मांतरच ना? गोरगरिबांना औषधाच्या गोळीबरोबर धर्म द्यायचा हे मला मान्य नाही. माझी आजी वानलेसमध्येच बरी झाली आणि मरेपर्यंत तिथल्या सिस्टरांचं नाव काढायची, हेही सांगतो. म्हणजे माझा राग दवाखान्यावर नाही. पण शंका आहे ती आहे.

किल्लाभाग

दादा, राग कशाला? विचारलंत ते बरं केलंत.

गावात मंडळी आधीपासून आहे आणि त्यांनीच बोलावलंय. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळात ख्रिस्ती माणसं पाच लाख बारा हजारांच्या आसपास, म्हणजे पावणेदोन टक्के. त्या मूठभर लोकांना कुणी लांबून भेटायला आलं की किती आधार वाटतो, हे आम्हाला कळतं, कारण आम्हीही इथं थोडेच आहोत.

कायद्याचं म्हणाल तर तिथल्या २०१५ च्या राज्यघटनेचं कलम २६ दुसऱ्याचा धर्म बदलायला मनाई करतं. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. पण हा कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं : हळद शिकायला येणाऱ्यात ख्रिस्ती किती, हिंदू किती, बौद्ध किती, हे आम्ही विचारणार नाही. "आधी प्रार्थनेला बसा, मग शिकवतो" असं म्हणणारा माणूस आमच्या गटात नसेल. मला कुणी विचारलं की बाई तू एवढ्या लांब का आलीस, तर मी माझ्या प्रभूचं नाव लपवणार नाही. ते मी मिरजेच्या मार्केटातही लपवत नाही.

रोखठोक

पटलं. अट घालणार नसाल तर माझी हरकत नाही. हळदीचं पुढं काय झालं ते मात्र इथं लिहा.

शाहूनगर_सातारा

सेवानिवृत्त पाळक म्हणून चार शब्द लिहितो.

कायद्याचा मुद्दा आपल्यापुरता पाहू नका, यजमानांपुरता पाहा. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळातल्या दोलखा जिल्ह्यात चारिकोटला शाळेतल्या मुलांना धीर देण्याचा कार्यक्रम झाला होता. त्यात येशूवरचं एक चित्रपुस्तक वाटलं गेलं. त्यावरून २०१६ साली आठ जणांवर खटला चालला. डिसेंबरात ते निर्दोष सुटले, पण मधले महिने कोठडीच्या आणि कोर्टाच्या धास्तीत गेले ते गेलेच. आपण गोरखपूरची गाडी पकडून घरी येतो, पोलीस येतात ते तिथल्या पाळकाच्या दारी. म्हणून भेटवस्तूंच्या पिशव्यांत पत्रकं, पुस्तिका, चित्रं काही म्हणजे काही घालू नका. शक्यतो पिशव्याच नकोत. नाटिका करायची तर मंडळीच्या आत, आणि तिथल्या पाळकांनी आपणहून म्हटलं तरच.

आणखी एक. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडली आणि आमच्या साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताची भक्ती आपल्या मातीच्या चालीत, भजन-कीर्तनात व्हावी, परदेशी साच्यात नको, यासाठी त्या माणसानं आयुष्य वेचलं. आपण टिळकांची भजनं गाणारी माणसं. नेपाळात गेल्यावर पडद्यावर इंग्रजी गाणी लावून लोकांना उभं करणं आपल्याला शोभणार नाही. ते मादल (नेपाळी ढोलकी) वाजवून गातात. तुम्ही खाली बसा आणि त्यांची दोन गाणी पाठ करा. लिपी आपलीच आहे, त्यामुळे वाचून म्हणता येतं. माझ्या अनुभवानं सांगतो, पाहुण्यानं आपलं गाणं शिकून म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उजळतात.

ताळेबंद

पैशाबद्दल, कारण यात मंडळ्या नकळत अडकतात.

१) तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर न्यासाचा पैसा भारताबाहेर खर्च करता येतो असं गृहीत धरू नका. अशा खर्चाला आयकराची सूट सहसा लागू होत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता असावी लागते. म्हणजे दानार्पणाच्या थैलीतून तिकिटं काढली की लेखापरीक्षणात प्रश्न येणार. ज्यानं त्यानं आपला खर्च करावा, किंवा घरच्यांनी-मित्रांनी त्या माणसाला द्यावा.

२) परकीय योगदानाचं (परदेशी देणग्यांचं) खातं असेल तर त्यातला एक रुपयाही इकडे लावू नका.

३) छपराचा विचारही याच कारणासाठी थांबवा. शिवाय तिथला गवंडी, तिथला सुतार कामावाचून बसलेला असताना आपण विटा वाहायला जायचं का, हा प्रश्न उरतोच.

शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्यामुळे चांगला भाव मिळेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. शंभराच्या नोटा जवळ ठेवा, मोठ्या नोटांवर अवलंबून राहू नका.

पांढरी_टोपी

नोकरीची सगळी वर्षं वॉर्डात आणि गावोगावच्या शिबिरांत गेली, म्हणून तुमची दुसरी विनंती वाचून बरं वाटलं. मागणाऱ्यांना काय हवंय ते चांगलं कळतंय.

पहिलं म्हणजे औषधांची खोकी नेऊ नका. सीमेवर अडतील हा एक भाग. दुसरं म्हणजे महिन्याभराच्या गोळ्या देऊन आपण परतलो की त्या बाईनं पुढच्या महिन्यात काय घ्यायचं? डॉक्टर नेणार असाल तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. तुम्हाला शिबिर घ्यायचंच नाहीये, शिकवायचंय, तेव्हा डॉक्टर नसला तरी चालेल. शिकवण्याची हातोटी असलेल्या दोन सिस्टर न्या.

तिथल्या स्वयंसेविकांना कमी लेखू नका. नेपाळ सरकारचा हा कार्यक्रम १९८८ पासून चालू आहे. बाळंतपण, लसीकरण, जुलाब यांत त्या बायका आपल्यापेक्षा तयार असतील. रक्तदाब नीट मोजायला शिकवा, तेही सावकाश. माणूस डोंगर चढून आला की लगेच पट्टा बांधायचा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. हात छातीच्या उंचीवर टेकलेला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, जाड बाहीवर नाही. मोजताना गप्पा नाहीत. दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. प्रत्येक बाईनं दुसरीचा मोजून दाखवला की मगच पुढं जायचं. मोठ्या दंडाचा पट्टा वेगळा न्या, तो नेहमी विसरतो. सेलवर चालणारं मशीन घ्या आणि तिथंच ठेवून या.

साखर मोजायचं मशीन मात्र घाईनं देऊ नका. त्याच्या पट्ट्या तानसेनला किंवा बुटवलला मिळतात का, हे आधी दादांच्या नातेवाइकांकडून पाहून घ्या. पट्ट्या नसल्या की मशीन म्हणजे खेळणं.

तानसेनला युनायटेड मिशन टू नेपाळचं हॉस्पिटल १९५४ पासून आहे. गावी जायच्या आधी तिथं अर्धा दिवस थांबा, आपण काय शिकवणार ते दाखवा. आकडा जास्त आला तर रुग्णाला कुठं पाठवायचं, हे त्यांनीच सांगितलेलं बरं. नाहीतर "तुझं बीपी लई आहे" एवढं सांगून आपण निघून येणार, आणि ती बाई रात्रभर जागी.

वाळवेकर

नमस्कार. मंडळीचं मला काय कळत नाही, आमी माळकरी. पण हळदीचं विचारलंय म्हणून लिहितो.

मोठा बॉयलर न्यायच्या भानगडीत पडू नका. डोंगरात शेतं वावभर, माल थोडा. मोठी कढई किंवा पत्र्याचा निम्मा ड्रम पुरतो. आत भोकं पाडलेली पत्र्याची टोपली सोडायची, म्हणजे माल वर काढायला सोपा जातो आणि तेच पाणी पुढच्या घाण्याला चालतं. हे सगळं तिथल्या लोहाराकडून करून घ्या, इथून काही न्यायला लागत नाही.

काढणी झाल्यावर गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. दोन्ही एकत्र शिजवली की एक कच्चं राहतं नि एकाचा गाळ होतो. आमच्याकडं नव्या माणसाची चूक इथंच होते. पाणी मालाच्या वर चार बोटं, वरून हळदीचा पाला नि ओलं पोतं झाकायचं. पाऊण ते एक तास. फेस येतो, वास सुटतो, मग एक हळकुंड काढून बघायचं. काडी टोचली की लोण्यात गेल्यागत आरपार गेली पायजे. कमी शिजली तर वाळायला वेळ लागतो नि आतून रंग धरत नाही. जास्त शिजली तर काळपट पडते. ही परीक्षा हातानं करूनच येते, व्हिडिओ बघून येत नाही, म्हणून माणूस जाणं बरोबर आहे.

वाळवायचं ताडपत्रीवर नाहीतर फरशीवर, मातीत नाही. दहा-पंधरा दिवस लागतात, संध्याकाळी गोळा करून झाकायची. मोडली की कट्ट असा आवाज आला म्हणजे वाळली. शंभर किलो ओल्याची वीस-पंचवीस किलो वाळकी होते, हे आधीच सांगा, नाहीतर लोकांना वाटतं माल चोरीला गेला. रंगासाठी वरून काही लावायला कुणी सांगितलं तर ऐकू नका म्हणावं.

एक अडचण आहे. तुमचा मुक्काम आठवड्याचा, वाळवण पंधरा दिवसांचं. तर आधीच्या आठवड्यात एक घाणा त्यांना त्यांच्या पद्धतीनं शिजवून ठेवायला सांगा, म्हणजे दोन्ही माल शेजारी ठेवून दाखवता येतील.

जतची_बोर

सगळं वाचलं, चांगलं चाललंय. तरी मनातलं बोलतो. सहा-सात माणसांचा मिरज ते पाल्पा खर्च काढा आणि सांगा, तेवढ्यात जत तालुक्यात किती काम झालं असतं. आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. सिमेंटची टाकी आहे, तिला तडे गेलेत, निम्मं पाणी जमिनीत मुरतं. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही, एसटी लागते.

किल्लाभाग

भाऊ, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही आणि मी ओढून-ताणून देणारही नाही. पैसे ज्याचे त्याचे आहेत, तरी ते जतलाही जाऊ शकले असते हे खरंच. नेपाळचं काम धरलं कारण त्या कुटुंबाशी आमचं रोजचं नातं आहे आणि निरोप आला. तुमच्याकडून निरोप कधी आला नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

जतची_बोर

मग हाच निरोप समजा. एक गवंडी, एक प्लंबर, दोन दिवस. जेवण आमच्याकडे. बाजरीची भाकरी आणि माडगं.

किल्लाभाग

घेतला निरोप. रविवारी उपासनेनंतर तरुण संघापुढं ठेवते. टी-शर्टचे पैसे अजून दिलेले नाहीत, तेवढ्यात सिमेंट नक्की येईल.

रुळावर

प्रवासाचं लिहितो. मिरजेहून पुणे, पुण्याहून गोरखपूर रेल्वेनं, तिथून रस्त्यानं सोनौली. पायी सीमा ओलांडून भैरहवा, मग बुटवल आणि वर तानसेन. व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयाच्या माणसाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवंच. या वयाला आधार कार्डावर विसंबून निघू नका. बुटवलच्या वरचा सिद्धबाबाचा रस्ता पावसाळ्यात दरडींचा, तेव्हा जून ते सप्टेंबर नकोच. दसैं-तिहारच्या (तिकडच्या दसरा-दिवाळीच्या) दिवसांत बसमध्ये उभं राहायलाही जागा नसते. हळदीच्या काढणीला जायचं म्हणजे माघ-फाल्गुन, तो काळ उत्तम. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा.

पाटी_पेन्सिल

एक विनंती. परतीच्या वाटेवर "जवळच एक बालगृह आहे, मुलांना खाऊ देऊन जाऊ" असं कुणीतरी हमखास म्हणतं. कृपा करून जाऊ नका. नेपाळातल्या अशा अनेक गृहांतल्या मुलांचे आई-वडील किंवा निदान एक जण हयात असतो. पाहुणे येतात, देणगी देतात, म्हणून मुलं घरून आणून ठेवली जातात. शिक्षिका आहे, म्हणून सांगते : दर आठवड्याला नव्या दादा-ताईंच्या मांडीवर बसून त्यांना टाटा करणाऱ्या मुलाचं पुढं काय होतं, ते वर्गात दिसतं. आणि गावातल्या मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आपल्या मुलांचे कुणी टाकले असते का?

किल्लाभाग

काल कमिटीत हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं.

पाचच जण जाणार : आचारी दादा, आमच्या मंडळीतले हळद करणारे एक काका, दोन सिस्टर आणि मी. मी हिशेब आणि वही सांभाळायला, आणि सिस्टरांबरोबर तिसरी बाई असावी म्हणून. ज्याचा खर्च त्याचा. छप्पर नाही, पिशव्या नाहीत, टी-शर्ट नाहीत. स्वेटरचं पाळकांना विचारलं. ते म्हणाले, स्वेटर आहेत, पण उपासनेला बसायला सतरंज्या कमी पडतात. त्या आम्ही बुटवलच्या बाजारातच घेऊ, पैसा तिथल्याच दुकानदाराला मिळेल. पुढच्या हंगामात त्यांच्याकडची दोन माणसं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला येणार, आमच्या घरीच उतरतील. हे त्यांनीच सुचवलं आणि मला सगळ्यात जास्त आवडलं.

तरुण संघातली काही पोरं नाराज झाली, खोटं कशाला सांगू. त्यातला एकजण प्लंबर आहे, तो जतला जायला लगेच तयार झाला. बाकीच्यांशी पाळकसाहेब बोलतायत.

वाळवेकर दादा, आमच्या काकांनी आयुष्यभर बॉयलरवरच शिजवली आहे, कढईचा हात त्यांना नाही. निघण्याआधी एक दिवस तुमच्याकडे येऊन शिकले तर चालेल का?

वाळवेकर

चालेल की. आमची काढणी पुढच्या पंधरवड्यात आहे, जुनी कढई माळ्यावर पडलीय ती खाली काढतो. काकांना सकाळी सातलाच यायला सांगा, चूल पेटायला वेळ लागतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.